खालचे घर आणि वरचे पाणी

मी, आल्बीना ह्रोमाडका, दिवंगत लुमीर ह्रोमाडका यांची पत्नी, वय एक्क्याऐंशी, राहणार लिपा, नेब्रास्का, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. भीती वाटते का, हे त्यांनी विचारले नाही. वाटते. रोज वाटते. तीही माझ्या मालमत्तेत धरावी, कारण तिची वाटणी याच कागदात केली आहे.

कलम पहिले, धरणाविषयी. आमच्या कुरणाच्या वरच्या अंगाला ओढ्यावर मातीचे धरण आहे. ते माझ्या खाजगी मालकीचे आहे. मी लग्न होऊन आले त्याच्या आदल्या वर्षी ओढ्याला पूर आला आणि लुमीरचा धाकटा भाऊ एडी त्यात गेला. तो कुंपणाच्या तारेत सापडला. म्हणून लुमीरने स्वतःची चांगली जमीन पाण्याखाली देऊन हे धरण बांधले. हे पाणी साठवायला बांधलेले नाही, पूर अडवायला बांधले आहे. तळाच्या नळातून पाणी हळूहळू खाली जावे, एरवी धरण जवळजवळ रिकामे राहावे, आणि फारच आले तर कडेच्या गवताळ सांडव्यावरून निघून जावे, एवढेच त्याचे काम. लुमीर म्हणायचा, "आपलं धरण रिकामं दिसलं की समजायचं, घर भरलेलं आहे."

लुमीर गेल्यावर माझा मुलगा डेल्मर याने तळाच्या नळाच्या बाहेरच्या तोंडावर लोखंडी पत्रा बोल्टांनी बसवला, पाणी भरू दिले आणि त्यात मासे सोडले. मासे सांडव्यावरून पळून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर तारेची जाळी बसवली. सूनबाई शार्लीन हिने 'लेक ह्रोमाडका' अशी पाटी रंगवून लावली. ती पाटी मी शार्लीनलाच देते. तिने ती हवी तिथे टांगावी, धरणावर मात्र नाही.

गेल्या वसंतात पाऊस झाला तेव्हा शेतातली मक्याची धाटे वाहून आली आणि जाळीला गच्च चिकटली. सांडवा बंद झाला. मी दंताळे घेऊन गेले तेव्हा पाणी धरणाच्या माथ्यापासून वीतभर खाली होते. मातीच्या धरणावरून पाणी वाहू लागले की ते साखरेसारखे विरघळते, हे आमच्या ओढ्याकाठची शेंबडी पोरेही जाणतात. मी धाटे ओढत होते आणि खाली माझी मुलगी रोझेला हिच्या अंगणात तिच्या मुलींचे कपडे वाळत घातलेले मला दिसत होते. तेव्हापासून आभाळ भरले की मला जेवण जात नाही.

डेल्मरला सांगितले तर तो म्हणाला, "आई, साठ वर्षं टिकलंय ते. आता कुठे जातंय?"

मी म्हटले, "तुझे बाबासुद्धा ऐंशी वर्षं टिकले होते."

"तू पण ना! उगाच घाबरतेस. रोझेला काही बोलते का?"

रोझेला बोलत नाही. ती माझ्या नावावरच्या घरात राहते आणि भावाशी भांडायला भिते. पण पावसाच्या दिवसांत तिच्या मुली बूट पायात घालूनच झोपतात. हे तिने सांगितले नाही, मी पाहिले.

कलम दुसरे, घरांविषयी. माझी दोन घरे आहेत. टेकडीवरचे, ज्यात मी राहते आणि जे आपल्याला मिळणार असे डेल्मर धरून चालला आहे. आणि धरणाखाली ओढ्याच्या वळणावरचे, ज्यात रोझेला राहते. टेकडीवरचे घर मी रोझेलाला देते. धरण आणि खालचे घर मी डेल्मरला देते, दोन्ही एकत्र. एक ठेवून दुसरे विकता येणार नाही. त्याने शार्लीन आणि दोन्ही मुलांसह त्याच घरात राहावे. राहायचे नसेल तर धरण रोझेलाकडे जाईल आणि ती पत्रा काढेल. ज्याला धरण भरलेले हवे, त्याने त्याच्या खाली निजावे.

नातवंडांना मी ओलीस ठेवते आहे, हे मला कळते. याची मला लाज वाटते. पण दोन नाती आज तिथे निजतातच, आणि त्याची लाज कोणालाच वाटत नाही.

कलम तिसरे. लुमीरची माती चोपायची धुमस, फावडी आणि धरणात बिळे करणाऱ्या जनावरांचे सापळे रोझेलाला. डेल्मरने मागितल्याशिवाय तिने ती त्याला देऊ नयेत. त्याने मागावीत अशी माझी इच्छा आहे. बँकेतली शिल्लक धरणाच्या नळाच्या दुरुस्तीसाठी. माझ्या थडग्यावर संगमरवर नको, साधा दगड पुरे. शेजारी वर्नन सोउकुप याने आमच्या शेताचा बांध दोनदा नांगरला. त्याला मी काहीही देत नाही, पण साक्षीदार म्हणून बोलावते, कारण तो खोटी सही करणार नाही.

सह्यांपूर्वीची पुस्ती. आज सकाळी हा कागद मी स्वयंपाकघरात डेल्मरला वाचून दाखवला. खसखशीचा दुसरा कोलाच, म्हणजे आमच्याकडचा गोड पाव, तोंडात घालून तो हसला. "वकिलाला पैसे देऊन थट्टा करतेस होय?" मी कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने पाव अर्धाच ठेवला आणि खिडकीतून खाली पाहिले. मग हळूच विचारले, "आई, धरण फुटलं तर त्या घरात पाणी कुठवर येईल गं?"

इतक्या वर्षांत हे त्याने पहिल्यांदा विचारले. मी म्हटले, "एडीकाकाच्या डोक्यावरून गेलं होतं. तो तुझ्यापेक्षा उंच होता."

दुपारी त्याने जाळी कापून काढली आणि पत्र्याचे बोल्ट सोडवले. नळातून पाणी निघाल्याचा आवाज मी इथे बसून ऐकते आहे. तरीही वरचे एकही कलम बदलू नये. जाळी पुन्हा बसवता येते, आणि तेव्हा घाबरायला मी नसेन.

सही: आल्बीना ह्रोमाडका
साक्षीदार: वर्नन सोउकुप, शेजारी (बांध एकदाच नांगरला, असे सांगून सही केली)
साक्षीदार: ग्लेडिस वाव्रा, चर्चची ऑर्गनवादक
स्थळ: लिपा, नेब्रास्का. दिनांक ११ एप्रिल २०१४. आभाळ भरलेले.