तुझ्या नावानंतर

१२ मे, दुपार

प्रिय दादा,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. सगळे म्हणजे मी आणि बाबा. बाबांना आता कुशीवरही मलाच वळवावं लागतं. शिवणाचं दुकान चालू आहे, शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलाय. वहिनीला म्हणावं, तिचा झगा पुढच्या आठवड्यात.

तुझं पत्र पोचलं. देवाने आपल्या लोकांची कुळाकुळाने मोजणी करायला सांगितली, तो शास्त्रातला भाग प्रार्थनाघरात ज्या दिवशी वाचतात, त्या दिवशी घराघरातला मुलगा उठून आपली वंशावळ म्हणतो. यंदा बाबांच्या जागी तू उभा राहणार, हे ऐकून बाबांचा चेहरा उजळला. मी दिवसभर भांडी आपटत होते. वर तू लिहितोस, "नावं काही आठवत नाहीत. तुला पाठ आहेत, तेवढी लिहून पाठव." म्हणजे पाठांतर माझं आणि मान तुझा. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

मला तुझा हेवा वाटतो, दादा. आजचा नाही, लहानपणापासूनचा. समुद्र दुभंगल्याची गोष्ट बाबा तुला वाचायला द्यायचे आणि अमक्याचा मुलगा तमका ही पानं माझ्या गळ्यात मारायचे. तू तोंड दाबून हसायचास. आताही विचारतोस, त्या नावांच्या जंत्रीत अध्यात्म कसलं? मीही एकदा बाबांना हेच विचारलं होतं. म्हणाले, "अगं, देव मोजतो ते आकडा काढायला नाही. गर्दीतल्या एकेकाला हाक मारतो तो." तेव्हापासून मला ती पानं आवडायला लागली. फक्त एका जागी आवाज अडकतो. बंदिवासातून परतलेल्यांपैकी काहींना वंशावळीत आपलं नाव सापडलं नाही, म्हणून त्यांना याजकपणातून, देवापुढे सेवा करण्याच्या मानातून वगळलं, तिथं.

परवा दूध भरवताना बाबांनी आपली वंशावळ सुरू केली. खापरपणजोबांच्याही मागून, एक नाव चुकलं नाही. शेवटी तुझं नाव घेतलं आणि तोंड मिटलं. मी चमचा खाली ठेवला.

"आणि मी कुठे, बाबा?"

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. मग म्हणाले, "तू मोजणीत कशी असशील? शास्त्रातल्या सगळ्या कुळांपैकी एका लेवीच्या वंशाला त्या मोजणीत धरलं नव्हतं. ते देवाच्या तंबूपाशी राहायचे, त्याची राखण करायला."

मला रडू आलं. छातीही फुगली, खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या चादरी धुताना मी तितकीच जळत होते. जवळ राहणाऱ्यालाही कुणीतरी हाक मारावी असं वाटतंच. आणि त्या लेवीच्या वंशाचीही पुढे वेगळी मोजणी झाली, अगदी नावानिशी. हे बाबा विसरले. मी नाही.

म्हणून नावं लिहून पाठवत नाहीये. चार दिवस आधी ये. बाबांच्या उशाशी बस, मी सांगेन तसं पाठ कर. त्यांना खुर्चीत बसवून आपण प्रार्थनाघरात नेऊ. आणि स्वतःचं नाव घेतल्यावर लगेच खाली बसू नकोस. श्वास घे, बाबांकडे बघ आणि पुढचं म्हण.

तुझ्या नावानंतर जिचं नाव आहे,
ती तुझी बहीण