पटावर एकच

प्रिय आई,

इथूनच तुझ्या पाया पडतो. मी मजेत आहे. स्वयंपाक आता बरा जमतो. करपला तरी नावं ठेवायला कुणी नाही! तुझे गुडघे काय म्हणतात? ताई येऊन गेली का?

शाळेचं विचारलंस. शाळा झकास चालली आहे. पट तेवढा घसरला. चौथीतली दोघं गाव सोडून गेली, आता दुसरीतली एकच मुलगी उरली आहे. तरी रोज नाव पुकारून हजेरी घेतो आणि तीही उभी राहून "हजर" म्हणते. हसू नकोस, नियम तो नियम.

काल विद्यापीठातून एक बाई आल्या होत्या. कमी पटाच्या शाळांवर संशोधन करतात. त्यांनी मुलीला विचारलं, "एवढ्या मोठ्या वर्गात तुला एकटं वाटत नाही का गं?"

"मला कशाला? घरी आम्ही पाच जण आहोत," ती म्हणाली. "एकटे तर सर असतात. म्हणून तर मी ताप आला तरी येते."

बाई हसल्या. मीही हसलो आणि फळा पुसायला वळलो. फळा पुसलेलाच होता.

तेव्हा तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस. मला जपणारं माणूस इथे आहे.

तुझाच,
धाकटा