अवसेचं विमान

रविवार, १५ मार्च १९५९

अक्काचं पत्र आलं. नैरोबीहून यायला अकरा दिवस लागले. आईने मिनीचा मजकूर दोनदा वाचून घेतला. मिनी आता चार वर्षांची. "आज्जी कधी येणार" म्हणून विचारते म्हणे. आई म्हणाली, "ता अक्काच लिवता. पोराक काय कळता आज्जी?" पण तिसऱ्यांदा वाचायला सांगितलंच.

दोघींचे पासपोर्ट कपाटात येऊन पडलेत. भाऊजींचं हमीपत्रही आलं. सहा वर्षं नुसतं जाऊ-जाऊ चाललंय. ह्या मे महिन्यात नाही तर नाहीच. पुढच्या वर्षी मी शिक्षकीच्या बी.टी.ला बसणार, मग सुट्टी कसली. आई एकटी जाणार नाही. आणि बाबांना गिरणीतून एवढी रजा कोण देतो?

आईचं ठरलेलं आहे: बोटीनंच जायचं. गावाला बोटीने गेलो, आफ्रिकेलाही बोटीने. बोटीत पाटा नेता येतो.

शनिवार, २१ मार्च

शाळा अर्धी. थेट फोर्टात गेले.

बोटीच्या ऑफिसात कारकुनाने वेळापत्रक पुढे सरकवलं. एक बोट सुटते तेव्हा माझ्या वर्गाची परीक्षा. त्यानंतरची सुटते १३ मेला. नऊ दिवस पाण्यावर, मोंबासाहून नैरोबी रात्रभर गाडीने. आणि शाळा उघडायच्या आत परत यायचं तर २६ मेला मोंबासा सोडायला हवं. म्हणजे अक्काच्या घरी दोन दिवस! तिच्या हातचा चहा प्यायचा, कप विसळायचा नि निघायचं.

मग धीर करून विमानाच्या ऑफिसात. काचेचं दार, आत गारवा. टेबलामागची मुलगी माझ्याच वयाची. माझ्या चपलांकडे तिने पाहिलं असं मला वाटलं. नसेलही. सगळ्यात स्वस्त वर्गाचं भाडं विचारलं, तिने सांगितलं. "विचार करून कळवते," असं अगदी चांगल्या इंग्रजीत म्हणाले आणि बाहेर येऊन शहाळं प्यायले.

दोघींचं जाण्या-येण्याचं म्हणजे माझा जवळजवळ दोन वर्षांचा पगार. विचार कसला करायचा त्यात?

बुधवार, १ एप्रिल

बाबांनी गिरणीतल्या कोणाकडून तरी पत्ता आणला. मशीद बंदराजवळच्या गल्लीत, मसाल्याच्या गोदामावर एक खोली. जयंतीभाई. तिकिटं काढून देतात. टेबलावर तीन फोन, पैकी एकच वाजणारा.

मी आधीच जरा ताठ होते. सगळं गिरणगाव संयुक्त महाराष्ट्रासाठी उभं आणि मी एका गुजराती दलालाकडे तिकीट मागायला! त्यांनी ते ओळखलं असावं. लालबाग म्हटल्यावर हसले.

"लालबाग? मग मुंबई कोणाची ते आधी ठरवू, का तिकीट आधी?"

मी म्हटलं, "मुंबई ठरलेली आहे. तिकिटाचं बोला."

खूष झाले. चहा मागवला. मग एका जुन्या लिफाफ्याच्या पाठीवर असं काही समजावलं, जे काचेच्या ऑफिसातल्या त्या मुलीला सुचलंच नव्हतं. जाणं-येणं एकाच वाटेने कशाला? "जाताना हवेतून, येताना पाण्यातून. टाइम जातानाचा वाचतो, पैसा येतानाचा. बोटीत येताना मोसम खराब असेल, पोटात गडबड होईल. पण ते काय, घरी येताना."

तरी जातानाचं भाडं आवाक्याबाहेरच. म्हणाले, दहा दिवसांनी या, काही तरी निघेल.

जरा लाज वाटली माझ्या ताठपणाची. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "भांडाण सरकाराशी असा. चाय पाजणाऱ्याशी नाय."

शनिवार, ११ एप्रिल

निघालं!!

नैरोबीचं एक काठेवाडी कुटुंब लग्नासाठी आख्खं विमान भाड्याने घेऊन येतंय. लग्न अखात्रीजेला, म्हणजे आपल्या अक्षय्यतृतीयेला, वऱ्हाड इथे ६ मेला उतरणार. विमान दुसऱ्या दिवशी परत. रिकामं. रिकामं नेण्यापेक्षा मिळेल त्या भाड्यात माणसं न्यायची म्हणून जागा जयंतीभाईंकडे आल्यात. काचेच्या ऑफिसच्या निम्म्याहून कमी.

मी पर्स उघडली तर म्हणाले, "थांबा बेन. एक वात सांगायला पाहिजे. तीस जागा आहेत आणि गेल्याच अकरा. विचारा का."

"का?"

"सात तारखेला अमास छे. आमचा माणूस त्या दिवशी दुकान उघडतो, पण प्रवास? ना."

मला हसूच आलं. लोक आकाशात यंत्र पाठवतायत आणि आपण चंद्र दिसत नाही म्हणून घरात बसायचं! म्हटलं, आमच्या घरी तसलं काही नाही. दोन जागा नक्की करून टाकल्या. ७ मे ते २५ मे, म्हणजे सतरा-अठरा दिवस अक्काकडे.

भायखळ्यापर्यंत चालत आले, पाय जमिनीवर नव्हते. मग एकदम आठवलं, की आमच्या घरी तसलं काही आहे. आई अवसेला पापडसुद्धा लाटायला घेत नाही. चार वर्षांमागे बाबा गावी निघाले होते, बोचकं खांद्यावर, तर आईने जिन्यावरून परत बोलावलं. अवस होती. बोट चुकली.

घरी येऊन सांगितलं, विमान मिळालं, ७ मे, गुरुवार. "गुरवार बरो," आई म्हणाली. एवढंच.

रविवार, १२ एप्रिल

वाण्याने दिलेलं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. अमावास्येला त्यात भला मोठा काळा ठिपका. आईला अक्षरं मी गेल्या पावसाळ्यात शिकवली, सही करते, पाट्या वाचते. ठिपका तर न शिकताही कळतो.

म्हटलं, शाळेच्या सुट्ट्या उतरवून घ्यायच्यात. माझ्या पुस्तकांच्या ढिगाखाली ठेवलं.

हे खोटं बोलणं नव्हे. हे फक्त न सांगणं. वर्गात मुलींना ह्याच गोष्टीसाठी मी... असो. आईने विमानात बसावं, लेकीला भेटावं. सुखरूप पोचल्यावर मीच सांगेन, बघ, काही झालं का? तिचीच समजूत जाईल कायमची.

बाबांनी रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, टोपी घातली आणि सभेला गेले.

शनिवार, २५ एप्रिल

पिवळ्या तापाची लस टोचून आलो. टोचल्यावर दहा दिवस जावे लागतात, त्याशिवाय तिकडे उतरू देत नाहीत. म्हणजे वेळेत झालं. आईने सुई जाताना माझा दंड असा आवळला की माझाच दंड जास्त दुखतोय. दाखल्यावर तिने स्वतः सही केली. 'लक्ष्मी'तला 'क्ष्म' जमेना तेव्हा डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. मी बघू दिलं.

संध्याकाळी सामान वाण्याच्या काट्यावर. दोघींचं मिळून वीस किलो. पाटा तिथेच बाद झाला.

आई: "मगे ती चटणी कशावर वाटता?"

मी: "सहा वर्षं वाटतेच आहे ना कशावर तरी."

आई: "म्हणानच पत्रात तिचो जीव नसता."

मालवणी मसाला, कोकम, कुळथाचं पीठ, मिनीला परकर-पोलकं, भाऊजींना मफलर. (नैरोबीला थंडी असते हे आईला पटतच नाही, तरी विणला.) शेवटी काटा बरोबर विसावर थांबला. वाणी म्हणाला, आता शिंकसुद्धा बरोबर नेऊ नका.

आई इतकी हसलेली बरेच दिवसांत पाहिली नव्हती. पुस्तकांच्या ढिगाकडे बघवत नाही.

मंगळवार, ५ मे

दुपारी तिकिटं हातात आली. जयंतीभाईंनी वर बडीशेपेची पुडी दिली, कान दुखले तर चघळायला.

घरी आले तर कॅलेंडर खिळ्यावर.

बांधलेलं गाठोडं सुटलेलं, सामान खोलीभर. आई पाठमोरी, कोकमाची पिशवी हातात. पानं वाढली, जेवलो. बाबांना खुणेने विचारलं. ते हलक्या आवाजात म्हणाले, "चंद्री येवन गेली."

चंद्री वरळी कोळीवाड्याची, आमच्या चाळीत मासे घेऊन येते. पुढचं बाबांनी सांगितलं तसं: आईने तिला गुरुवारी येऊ नकोस म्हणून सांगितलं, आम्ही जातोय. तर चंद्री म्हणाली, "मी तशी बी येनार नाय गो बाय. बेस्तरवारी अवस, उधानाचं पानी. व्हड्या वर वडून ठेवल्यात."

कॅलेंडर लपवलं. समुद्र लपवायचा राहिला.

बुधवार, ६ मे

सकाळी बाबा पाळीला गेल्यावर मीच विषय काढला. मान खाली घालून. आई, चुकलं. तुला यायचं नसेल तर जयंतीभाईंना जाऊन सांगते.

आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "अवस काय फकत कॅलेंडरार येता? माका काय भागूबाई समाजलंस?"

मी म्हटलं, मग गाठोडं का सोडलंस?

"चंद्रीन सोडे दिल्यान. अक्काक आवडतत. वीस किलोत खंय घालू? म्हणान कुळथाचा पीठ काडलंय."

मी रडायच्या बेतात होते, तिथे हसूच फुटलं. आई हसली नाही. सूप बाजूला ठेवलं आणि दार लोटून आली. मग जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

"अक्का अवसेकच झाली. गावाक. सुईणीन कपाळार हात मारून घेतल्यान. माजी सासू घरात नव्हती त्या वक्ताक, माहेराक गेल्ली. सुईणीक लुगडा दिलंय आणि सांगलंय, पोर दुसऱ्या दिसा झाला म्हणान सांग. सासूक ताच सांगलंय, भटाक ताच. पत्रिका खोटी. तुज्या बापाशीक सुद्दा ठावक नाय, ते हय मुंबयेक गिरणीत. लोकांनी अवसेचा पोर म्हणान तिका धड जगूक दिल्यानी नसता. लगीन तर खंयच झाला नसता."

सव्वीस वर्षं!

"आणि तू कॅलेंडर पुस्तकाखाली लपवतंस? लपवूचाच होता तर माका इचारलं असतंस. माका येता लपवूक."

मग पुन्हा सूप पुढे ओढलं. तांदळात बघतच म्हणाली, "अक्काक आता सांगतलंय. ता कागदात लिवची गोष्ट नाय. आणि अवसेक झालेल्या चेडवाक भेटूक अवसेक जावचा नाय, तर काय पुनवेक?"

मी पदवीधर. घरातली पहिली. ज्याला मी तिची भोळी समजूत म्हणत होते ती होतीच वेगळी. अवसेला ती बाकी सगळ्यांना अडवत आली, पापडापासून बाबांच्या बोटीपर्यंत. विचारलं, मग ते सगळं का करायचीस? तर म्हणे, "करूक नको? कोणाक संशय इलो असतो मगे?"

कुळथाचं पीठ शेजारी देऊन टाकलं. सुक्या कोलंबीचे ते सोडे तीन कागदांत गुंडाळलेत. तरी वास येतोच.

गुरुवार, ७ मे. सांताक्रूझ

बाकावर बसून लिहिते आहे. टॅक्सीने आलो. आई आयुष्यात दुसऱ्यांदा टॅक्सीत बसली. पहिल्यांदा अक्काच्या वरातीत.

सकाळी आईने दारात नारळ वगैरे काही फोडला नाही. शेजारणी टाळत होत्या, कोणी ओवाळायला आलं नाही. आईने आपल्या हाताने माझ्या हातावर दही घातलं, स्वतःच्याही.

इथे एक फॉर्म भरायचा होता. राज्य कुठलं, ह्या रकान्यावर पेन थांबलं. बाबा खांद्यावरून बघत होते. "लिव महाराष्ट्र." मी म्हटलं, बाबा, अजून झालेलं नाही, फॉर्म परत करतील. "नाय तर नाय," म्हणाले. "येशीत तवसर होतला." मुंबई राज्य लिहिलं. आईने सही केली, 'क्ष्म' पहिल्या फटक्यात.

वजन एकवीस किलो भरलं. काट्यावरच्या माणसाने गाठोड्याजवळ नाक नेलं, आईकडे पाहिलं. "माहेर कुठलं मावशी?" "मालवणच्या वायच खाली." एकविसाचे वीस लिहिले त्याने.

बाबांना दुसरी पाळी धरायची होती. निघताना मला जरा बाजूला घेतलं. वाटलं, जपून जा वगैरे. म्हणाले, "आवशीन सांगल्यान ना तुका काय तां? मियां कालच वळखलंय तुज्या तोंडावरसून. तिका सांगू नको, पण माका पयलेपासून म्हायत असा. सुईण माजी लांबची मावशी." आणि तरातरा निघून गेले, मागे न बघता.

म्हणजे एक न सांगायची गोष्ट सुटली तर दुसरी माझ्या पदरात. आईला सांगू? मोंबासाहून येताना नऊ दिवस बोटीत दोघी असू, तेव्हा बघू.

विमान दुपारी एकला सुटायचं होतं. पावणेतीन वाजले. फळ्यावर नैरोबीसमोर काहीच लिहिलेलं नाही. आमच्यासह तेरा माणसं आहेत, त्यातल्या एका शीख म्हाताऱ्याने आईला संत्र्याच्या फोडी दिल्या. जयंतीभाई आलेत, इकडून तिकडे फेऱ्या मारतायत. मघाशी म्हणाले, "बेन, येईल हां. अमासचा काय दोष नाय, पेट्रोलचा आहे."

मी आईला विचारलं, अक्काला कसं सांगणार? पहिलं वाक्य काय? म्हणाली, "तोंड बगल्यार सुचात."

लांबून आवाज येतोय. आपलंच का ते कळत नाही. जयंतीभाई दाराकडे धावले. आई उठून उभी आहे. गाठोडं आत द्यायचं म्हणून सांगितलं तरी सोड्यांची पुडी तिने वेगळी काढून घेतली आहे, कडेवर.