खोली खोदण्याचे पस्तीस रुपये

ब्रह्मपुरी, ता. ४ मार्च १९५६

देवराव मुनशीनं आज सांगितलं, महिनाअखेर मागच्या दोन खोल्या सोडतो. लाकूड-डेपोतून त्याची बदली आलापल्लीला. बायको सरू डिसेंबरपासून नागपूरला, क्षयाच्या इस्पितळात. त्याआधी आठ महिने इथंच, आतल्या खोलीत बाजेवर पडून होती. तो खोकला भिंतीतून आम्हाला ऐकू यायचा. भाडं मात्र देवरावानं एकदाही थकवलं नाही. हे लिहून ठेवतो, नाहीतर ही म्हणेल की मास्तरकी सुटली तरी लोकांच्या चुका काढणं सुटलं नाही.

पेन्शन बत्तीस रुपये. खोल्यांचे अकरा. ते अकरा दोन महिने बुडाले की किराणावाला दुकानात बसू देणार नाही.

ता. ७ मार्च

कवडूला बोलावून आतली जमीन दाखवली. भुई ठोकण्यात त्याच्यासारखा गावात दुसरा नाही. म्हणाला, "मास्तर, बिमारीची खोली हाये. वरवर सारवून नाई चालत. हातभर माती काढा लागते, गावाबाहीर नेऊन टाका लागते. मंग नवा मुरूम, मंग धुम्मसानं ठोका लागते." मजुरी आणि मुरमाच्या गाड्या धरून पस्तीस रुपये सांगितले. पंचवीस म्हणून पाहिलं. नुसता हसला.

ही म्हणाली, "अर्धे आपन घालू. त्याची बायको दवाखान्यात हाये." आपण कशाला? खोकली कोण, ती की मी? बोलून गेलो. मग दिवसभर अबोला.

ता. १२ मार्च

भाडेकरूंनी मला काय काय करून ठेवलं ते कोणी विचारत नाही. जंगलखात्याचा साहेब राहिला दीड वर्ष. पडवीत कातडी वाळवायचा. तुरटी-मिठाचं पाणी जमिनीत मुरलं, वास जायला अख्खा पावसाळा लागला. गेला तेव्हा साफसफाईचं नाव काढायची माझी छाती झाली नाही. उलट पेढे दिले, ट्रंक उचलून मोटारीपर्यंत गेलो. त्याच्यामागून आलेला ठेकेदार तर जाताना दाराची कडीसुद्धा काढून घेऊन गेला.

जो जुमानत नाही त्याला सोडायचं आणि जो मुकाट्यानं ऐकतो त्याच्याकडून वसूल करायचं, असंच सगळे घरमालक करतात. मीही तेच करणार. मला कोणी साधू म्हणून पेन्शन देत नाही.

ता. ३० मार्च

देवरावानं खोल्या रिकाम्या केल्या. त्याची म्हातारी आई गावाहून आली होती. मायलेकांनी तीन दिवस घर धुतलं. भिंतींना दोन हात चुना, जुनी चूल फोडून नवी, चौकटी सोड्याच्या पाण्यानं घासल्या. कुठं काही राहिलं का ते पाहत मी दारात उभा. कुठं काही राहिलं नव्हतं.

तरी पन्नासाच्या अनामतीतून पस्तीस कापले, पंधरा हातावर ठेवले. म्हणाला, "मास्तर, सुयांचा खर्च लय होऊन राह्यला. दहा तरी कमी करता काय?" कवडूचा आकडा सांगितला. मग म्हणाला, "ठेवा. पन खोदा नक्की. उद्या कोनाचं लेकरू येईन त्या खोलीत."

म्हातारी माझ्या पाया पडली. कशाला पडली कोण जाणे. मला ते आवडलं नाही.

ता. ६ एप्रिल

वानरं! सकाळी आठ-दहांची टोळी मोहावरून आमच्या स्वैपाकघरावर उतरली. छपराचे शे-दोनशे कवेलू फुटले, दोन वासे मोडले, भातात कवेलूचा चुरा. काठी घेऊन ओरडलो तर एक मोठं वानर छपरावर बसून माझ्याकडे बघत राहिलं, जसा काही मीच त्याचा भाडेकरू.

कवेलूवाला रोख मागतो. घरात रोख म्हणजे देवरावाचे पस्तीस. घर एकच आहे. पुढचं छप्पर काय आणि मागची जमीन काय, पैसा शेवटी घरालाच लागला. कवडूला सांगून आलो, पुढल्या पेन्शनवर पाहू.

ता. १४ एप्रिल

तहसील कचेरीत नवा कारकून आला आहे, गुणवंत. चिमूरकडचा, पंचविशीतला पोरगा. बायको शांता, आठ महिन्यांची मुलगी छबू. धर्मशाळेत उतरलेत. दोन महिन्यांचं भाडं आगाऊ देतो, पण चार दिवसांत जागा पाहिजे. बावीस रुपये तिथंच मोजून दिले.

बावीसमध्ये कवडूला सुरुवात करायला सांगता आली असती. पण खोदायचं, ठोकायचं, वाळू द्यायचं म्हणजे बारा-पंधरा दिवस. तोवर गुणवंत दुसरीकडे जाणार. कवडू रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "मुनशी जाताना सांगून गेला, मास्तरकडं पैसे देऊन ठेवले म्हनून. कवा येऊ?" म्हटलं, सांगतो.

ता. १६ एप्रिल

हिला सारवायला सांगितलं. "खोदल्याबिगर मी त्या खोलीत शेनाचा हात नाई लावनार."

"अगं, चुना मारला आहे दोनदा."

"मंग तुमीच सारवा."

सारवलं. साठाव्या वर्षी, जन्मात पहिल्यांदा. दार लावून घेतलं होतं, कोणी पाहू नये म्हणून. गुडघे धरले. शेण एकीकडे जाड, एकीकडे पातळ. सरूच्या बाजेच्या चार पायांनी जमिनीत खळगे पडलेत, ते काही केल्या बुजेनात. वर शेण फासलं तरी वाळल्यावर चार वाट्यांसारखे दिसतात.

ता. १८ एप्रिल

बिऱ्हाड आलं. शांतानं आत पाय टाकल्या टाकल्या हिला विचारलं, "कोन सारवलं जी, काकू? लाटाच लाटा आल्या." मी म्हटलं, गड्यानं. ही चुलीकडे निघून गेली. मग गुणवंतानं विचारलं, "पयले कोन राहे, मास्तर?" "डेपोतला मुनशी. बदली झाली त्याची." एक अक्षर खोटं नाही त्यात.

आतल्या खोलीत वारा चांगला, म्हणून पाळणा तिथं बांधला. त्या खळग्यांच्या बरोबर वर. तिकडे नाही, इकडे बांधा म्हणायला तोंड उघडलं होतं. पण कारण काय सांगायचं, ते सुचलं नाही.

ता. २९ एप्रिल

नागपूरहून देवरावाचं कार्ड. रजा काढून सरूला भेटायला गेला आहे. सरूचं वजन वाढलं, ताप उतरला, डॉक्टर म्हणतात दिवाळीपर्यंत घरी सोडू. वाचून बरं वाटलं, खरोखर बरं वाटलं. पण खाली लिहितो: "खोली खोदली असल्यास एक ओळ टाकावी. सरू रोज विचारते. तिला त्याचा घोर लागला आहे."

तिला कशाला घोर? स्वतःचं बघावं. उलट टपाली लिहिलं, "काम झाले. काळजी नसावी." परवा पेन्शन येते आहे. आली की खोदून टाकतो, मग लिहिलेलं खरंच होईल. कार्ड हिला न दाखवता पेटीत टाकून आलो.

ता. ५ मे

पेन्शन घेऊन कवडूच्या घरी गेलो. दाराला ताटी लावलेली. शेजारची म्हातारी म्हणाली, "सारे तेंदूपानाले जंगलात गेले नं बाप्पा. मिरगाच्या आंदी येतीन." तो अख्खा मोहल्ला रिकामा, धुम्मस उचलणारा एक माणूस गावात नाही.

परत येताना पावलं हलकी पडत होती. हे इथं नाही लिहायचं तर कुठं लिहायचं? कवडू घरी असता तर खोदायला आणावा लागला असता, आणि गुणवंतानं विचारलं असतं, नुकतीच सारवलेली चांगली जमीन काऊन खोदून राह्यले म्हणून.

ता. १७ मे

छबू खोकते. उन्हाळ्यात पोरं खोकतातच, धुळीनं. संध्याकाळी अंग कोमट लागतं, असं शांता म्हणाली.

ही दिवस उजाडला की मागं जाते, पोरीला पाळण्यातून उचलून आणते, दिवसभर ओसरीवर मांडीवर घेऊन बसते. स्वैपाकाला उशीर होतो. शांताला त्यात कौतुक. "काकूले लेकरायची लय आवड," म्हणते. आम्हाला मूल नाही, म्हणून तिला दुसरं काही वाटत नाही.

ता. २४ मे

दुपारी ही म्हणाली, "सांगा त्याहिले."

"सांगितलं तर उद्या निघून जातील. वर गावभर करतील. पुन्हा या घरात कोण राहायला येणार?"

"आनि नाई सांगतलं तं?"

मी चिडलो. म्हटलं, तुला तोंड नाही का, तू सांग. तर रडायला लागली. "मी काय सांगू? म्या डोयानं पाह्यलं नं महिनाभर चूप राह्यली. ते पोरगी काकू-काकू करते. मले काय म्हनन ते?" म्हणजे हीपण भितेच. आजवर मला वाटत होतं की भित्रा मी एकटा.

ता. २६ मे

बाजाराचा दिवस. गुणवंत कचेरीत, शांता हिच्याबरोबर बाजारात, पोर कडेवर. कुदळ घेऊन आतल्या खोलीत गेलो. स्वतःच खोदतो म्हटलं. उंदरानं उकरली असं सांगता आलं असतं.

दोन घाव घातले. कोरडी माती भुरभुर उडाली, नाकातोंडात गेली. कुदळ तिथंच टाकून बाहेर पळालो. विहिरीवर तोंड तीनदा धुतलं, मिठाच्या गुळण्या केल्या. मला भीती वाटली ती माझ्या जिवाची. छबू महिनाभर तिथं झोपते आहे हे नंतर आठवलं, हात पुसताना.

माती हातानं दाबून बसवली आणि वर शेण फिरवलं. कोणाच्या लक्षात आलं नाही.

ता. ४ जून

छबूला सरकारी दवाखान्यात नेलं होतं. वजन घटलं, खोकला तसाच. डॉक्टर म्हणाला, इथं काही सांगता येत नाही, नागपूरला नेऊन छातीचा फोटो काढा. घरात कोणी खोकणारं होतं का, असंही विचारलं त्यानं. शांता "नाई" म्हणाली.

घरी आल्यावर हिच्याजवळ बसून रडत होती. "माह्या मामाले होता म्हनते हा रोग, मी लहान होती तवाची गोठ हाये. माह्याच रक्तातून आला असन, काकू. माह्याच दुधातून गेला." सासू आधीच बोलत होती म्हणे, की या घरची पोरगी करू नका.

मी ओसरीवर वर्तमानपत्र धरून बसलो होतो. ही माझ्याकडे बघत होती. मी पान उलटलं.

ता. ९ जून

कवडू परत आला आहे, चौकात दिसला. मी बोळातून आलो.

घरी गुणवंत वाट पाहत होता. रजा मिळाली, उद्या अकराच्या गाडीनं नागपूर. फोटोत काही निघो न निघो, मग शांतानं पोरीला घेऊन चिमूरला राहायचं. खोल्या सोडतो म्हणाला. मी बरं म्हटलं. तरी जाईना. मान खाली घालून, कचेरीत साहेबापुढं उभं राहावं तसा उभा.

"मास्तर, पोरीले तेच निंघालं तं तुमच्या घराले आमी डाग लावला. शांता सारवून देनार हाये. पन असी खोली खोदा लागते म्हनते. मांगून येनाराचंबी लेकरूबिकरू असन." खिशातून नोटा काढल्या. "तीसच हायेत आता. कमी पडले तं पगारावर पाठवतो."

त्यानं नोटा ओसरीवर ठेवल्या, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर तांब्या ठेवला, आणि बैलगाडी ठरवायला गेला.

ही छबूला मांडीवर घेऊन तिथंच बसली होती. सगळं ऐकलं तिनं. पोरीच्या अंगावरचा पदर सारखा करत म्हणाली, "घ्या नं. काऊन नाई घेत?"

मागं शांता भांडी पोत्यात भरते आहे, आवाज येतो. दहा पावलांवर आहे ती. तिच्या मामाचा, तिच्या दुधाचा काही संबंध नाही, एवढंच सांगायचं. आधी जाऊन सांगतो आणि मग लिहितो, असं ठरवून उठलो होतो, आणि वही काढून बसलो. आता आवाज थांबला. भांडी भरून झाली असतील.