खंडेनवमीची पूजा

देवपूर, धुळे
दि. २८ नोव्हेंबर १९९३

चि. सौ. शेवंतास तोतारामनानाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. थंडीमुळे तुझ्या वहिनीचे गुडघे धरतात, बाकी काही नाही. प्रमिला चाळीसगावला परत आली त्याला महिना होत आला. जेवते ना नीट? कापसाच्या जिनिंगमधली नोकरी का सुटली ते सांगतच नाही, असं तू लिहिलंस. दोनदा उत्तर लिहायला बसलो आणि उठलो.

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा शेठने तिला माझ्याच शब्दावर ठेवलं. रोज म्हणायची, "मामा, हात लाई देखा, काही व्हत नही." अगं, जिला खांद्यावर बसवून जत्रेत फिरवलं, तिने मला अठ्ठावन्नाव्या वर्षी बोटं कुठे ठेवायची ते शिकवायचं, तेही चार कारकुनांसमोर. लाज वाटायची. चष्म्याचं निमित्त सांगून मी आपला टाइपरायटरवर जाऊन बसायचो. हेडक्लार्कचा ताठा, दुसरं काय.

खंडेनवमीला टाइपरायटरची पूजा मात्र दरवर्षी मीच करतो. यंदा वाटलं, कॉम्प्युटरलाच का वगळायचं? प्रमिला सणाला तुझ्याकडे आली होती. चप्पल बाहेर काढून कॉम्प्युटरच्या काचेच्या खोलीत एकटाच गेलो. मशीनवर फूल वाहिलं. टेबलावर तिची फ्लॉपी होती. फ्लॉपीचा पत्रा सरकवला की आत काळी चकती दिसते. त्या चकतीला पाण्यात कालवलेलं कुंकू लावलं. मनापासून लावलं गं.

कामगारांची दोन वर्षांची हजेरी त्या एका फ्लॉपीत होती. कुंकवाने सगळी गेली. दसऱ्यानंतर प्रमिला आली, तिने ते कुंकू पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि रुमालाने पुसून टाकलं. शेठला लिहून दिलं की हलगर्जी तिची स्वतःची. मी शेजारी उभा होतो. तोंड उघडलं नाही.

काल धीर करून शेठसमोर सगळं कबूल केलं. जवरीलालशेठ हसले. "तोतारामभाऊ, भाचीसाठी खोटं बोलू नका. त्या मशीनला कधी बोट तरी लावलंत का?" कारकुनांना विचारलं, तेही नाही म्हणाले. मग कपाटातून प्रमिलेचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. शेवटची ओळ तिच्या अक्षरात आहे: मामा कॉम्प्युटरला हात लावत नाहीत.

आता मी कुणाला काय सांगू, शेवंते? तू तरी माझं खरं मान.

तुझ्या लेकीच्या आड लपलेला,
तोतारामनाना