लवकर बाद होण्याची युक्ती

जांब समर्थ
ता. ५ जानेवारी २०२५

चि. सौ. मीनास,
अक्काचे अ. उ. आ. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. फोनवर बोलावं तर माझ्या घरात फोन कायम स्पीकरवर आणि तुझ्या घरात सासूबाई, म्हणून कागदच बरा. नात्यातल्या लग्नात फेटा आधी माझ्या नवऱ्याला बांधायचा की तुझ्या, यावरून दोघे साडू बोलेनासे झाले आणि शिक्षा मात्र आपल्या दोघी बहिणींना! दोन वर्षं तुझं तोंड पाहिलं नाही.

आता युक्ती ऐक. १९ तारखेला अंबडला बायकांची कबड्डी आहे. पहिलाच सामना आपल्या दोन गावांचा. मी आमच्या संघात आहे, तू तुमच्या संघात शीर. तिथं जागा अपुरी, म्हणून बाद झालेल्या दोन्हीकडच्या बायकांना एकाच ताडपत्रीवर बसवतात. जल्दी बाद हो, मी आलेच. मनसोक्त बोलू. शेंगदाण्याचे लाडू आणते.

माया आहे ती असू दे, आणि हे पत्र चुलीत घाल.
तुझी अक्का

वडीगोद्री
ता. ११ जानेवारी

ती. अक्कास,
मीनाचा शि. सा. न. वि. वि.

शिरले बाई संघात! घरी सांगितलं, गुडघे दुखतात, डॉक्टरांनी पळायला सांगितलंय. सासूबाई म्हणाल्या की गुडघे दुखणारी बाई पळताना त्यांनी जन्मात पाह्यली न्हाई.

आम्हाला शिकवणारे धम्मपाल सर प्रत्येकीला विचारतात, तू का खेळतेस, आणि वहीत लिहून घेतात. त्यांचं म्हणणं, कारण पक्कं असलं की दम टिकतो. बेबीनंदाताई म्हणाल्या, गावाच्या नावासाठी. साक्षी म्हणाली, पोलीस भरतीसाठी. मी काय सांगू, गप्पा मारायला? तब्येतीसाठी म्हटलं. सर माझ्याकडे बघतच राहिले.

काळजी एकच. ही साक्षी भलती चपळ. तिनं गुण आणला की बाद झालेल्या बाईला परत आत बोलावतात. त्या दिवशी तिला जरासा ताप यावा असं वाटतं, देवा क्षमा कर.

लाडवांत गूळ आणि माझ्यावर लोभ, दोन्ही जास्त असू दे.
तुझी मीना

वडीगोद्री
ता. २१ जानेवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

घोटा कसा आहे? हळद लावलीस का?

तीनदा आपण ताडपत्रीवर बसलो, तीनदा तू आपल्या चुलत बहिणीच्या संध्याला पाहायला आलेल्या मुलाची गोष्ट काढलीस, आणि तो काय म्हणाला इथवर आलीस की मेल्या साक्षीचा गुण! तोंडात लाडू तसाच घेऊन मी मैदानात.

मग शेवटची चढाई. गुण बरोबरीत, आमच्याकडून मी एकटी उरलेली, आणि आलीस तू. डोळा मारलास. शिवलीस, वळलीस, आणि माझे हात आपोआप तुझ्या घोट्याला! तू ओढतेस, मी फरफटतेय, तोंडात माती, आणि हसू आवरेना. मधली रेष वीतभर राहिली आणि तुझा दम सुटला. जिंकलो!

अक्का, खरं सांगते, वाईट वाटायला हवं होतं, पण बिलकुल वाटलं नाही. मी नाचले. सरांनी परत विचारलं, का पकडलंत एवढं घट्ट? जिंकायचं होतं म्हणून, की सुटलीस तर जीपमध्ये बसून निघून जाशील म्हणून, मला सांगता येईना. सरांनी वहीत जागा कोरी सोडली.

आणि आपले दोघे नवरे! तुझं बोट रेषेला लागलं की नाही यावरून दोन वर्षांत पहिल्यांदा एकमेकांशी बोलले. शब्द लिहिण्यासारखे नाहीत, पण बोलले!

रागावली असशील तर राग लिहून पाठव, माया तेवढी कापू नकोस.
तुझी मीना

जांब समर्थ
ता. २७ जानेवारी

चि. सौ. मीनास,
अ. उ. आ. वि. वि.

सख्ख्या बहिणीला मातीत लोळवलंस, आणि वर हळदीची चौकशी! तीन दिवस तुझ्यावर धुमसत होते. चौथ्या दिवशी कळलं, राग तुझा नाहीच, हरल्याचा आहे. पन्नाशीला आलेल्या बाईला हे खूळ! मी तर नुसती गप्पा मारायला आले होते.

तुझे दाजी म्हणतात, बोट रेषेला लागलंच होतं, त्यांना बराबर दिसलं. हे तुझ्या कल्याणरावांना तोंडावर सांगायचं म्हणून रविवारी स्वतः वडीगोद्रीला निघालेत. फेट्याचं नावही काढत नाहीत. मलाही नेताहेत. म्हणजे आता भेटायला कबड्डीची गरज उरली नाही.

पण घोट्याची सूज उतरलीय, आणि शेतातून येताना मी रोज दम धरून बघते. संध्याचा तो मुलगा काय म्हणाला, ते तू हरलीस तरच सांगेन. आम्ही आल्यावर चहा मागाहून टाक, आधी अंगणात रेष ओढून ठेव.

लोभ आहेच, पण तो रेषेच्या बाहेर.
तुझी अक्का