सात नंबरची डबी

३ जानेवारी
सहासष्टाव्या वर्षी नोकरीला लागलो. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून घरात नुसता बायकोच्या पायात पायात येत होतो. ती म्हणाली, घड्याळं संपली, आता काळजं दुरुस्त करा. थट्टा असली तरी काम तेच आहे. या प्रयोगशाळेत माणसाच्या रक्तातल्या पेशी घेतात, त्यांना पुन्हा बाळपणात नेतात आणि मग हृदयाचा स्नायू व्हायला शिकवतात. ज्याचं हृदय दुबळं झालंय त्याला त्याच्याच पेशींचा तुकडा, ठिगळ लावावं तसा. प्रमुख बाईंनी मला यंत्रांच्या देखभालीला घेतलं होतं, पण माझा हात थरथरत नाही हे पाहून म्हणाल्या, पेशींना भरवायचं कामही तुम्हीच करा. इथल्या बडबड्या मुलीला सगळे चिमणी म्हणतात. तिने लगेच माझंच रक्त काढलं. म्हणाली, आजोबा, आधी स्वतःच्या पेशींवर हात बसवा, बिघडल्या तर तक्रार करायला कोणी येणार नाही.

घरी जाताना चार मजले एका दमात चढलो.

१४ एप्रिल
माझी डबी नऊ नंबरची. चपटी, झाकणाची, आत गुलाबी पाणी. तेच त्यांचं अन्न. अंगाच्या उबेइतक्या गरम कपाटात ठेवायची आणि दिवसाआड अन्न बदलायचं. अन्न पिवळं पडलं की समजायचं, पोरं उपाशी आहेत. आज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर दुधावरच्या सायीसारखा थर, आणि तो हलतोय. जुनी खोड, मनगटावर बोट ठेवून माझ्या नाडीशी ताडून पाहिलं. एक ठोका इकडचा तिकडे नाही. चिमणी म्हणाली, योगायोग. बायकोला सांगितलं तर म्हणाली, म्हणजे आता दोघांचा चहा करू?

२ मे
सात नंबरची डबी एका एकोणीस वर्षांच्या मुलीची आहे. तापानंतर तिचं हृदय इतकं दुबळं झालं की केस विंचरतानाही बसावं लागतं. दर शुक्रवारी आईबरोबर येते आणि मला विचारते, आजोबा, माझं पिल्लू नीट जेवतंय ना? वीस तारखेला ऑपरेशन. तपासण्या सगळ्या झाल्या, आता फक्त भरवायचं आहे. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ही डबी जपा, दुसरी तयार करायला चार महिने लागतील आणि तिच्याजवळ तेवढे नाहीत.

१३ मे
झाकणाला आतून वाफ धरली होती. मुलीला नीट दिसेना, तिचा चेहरा पडला. झाकण फक्त स्वच्छ हवेच्या पेटीतच उघडायचं, हा इथला पहिला नियम. मी टेबलावरच उचललं. क्षणभर. ती वाकली, पेशींना म्हणाली, घाबरू नका गं, आणि हसली. मीही वाकून हसलो. दोघांच्याही तोंडावर मास्क नव्हता.

१६ मे
सातमधलं पाणी गढूळ. काठाला पांढरी तंतूंची बुरशी. थर हलत नाही.

बाई परगावी सभेला, चिमणी रजेवर. सकाळचे दहा वाजले होते, खिडकीतून छान ऊन येत होतं. नियमाप्रमाणे डबीत जंतुनाशक ओतलं. त्या पोरीचं हृदय मी माझ्या हाताने मोरीत सोडलं.

मग सातची चिठ्ठी सोलून नऊवर लावली. घड्याळाचा काटा बसवताना जसा हात स्थिर असतो, तसाच होता. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

२० मे
ऑपरेशन झालं. माझ्या पेशी तिच्या छातीत आहेत. तिच्या आईने माझे दोन्ही हात धरून ठेवले, बाई म्हणाल्या, यश तुमच्या हाताचं. एकच आशा आहे. तिचं शरीर या परक्याला ओळखेल, झिडकारेल, मग डॉक्टर औषध देतील आणि सगळं आपोआप बाहेर येईल.

२८ मे
झिडकारलं नाही. बाईंनाही नवल वाटतं. प्रयोगशाळेसमोरच्याच खोलीत ठेवलंय तिला; व्हरांड्यात चालते, आईशी भांडते. वाटलं, माझं खोटं पचलं. असं वाटल्याबद्दल रात्रभर स्वतःला बोल लावले.

३ जून
बाईंनी ठोक्यांच्या नोंदीचा कागद दाखवला. रोज सव्वाचारला तिची धडधड वाढते. पडून असते तरी. कारण सापडत नाही म्हणाल्या.

सव्वाचारला मी घरचे चार मजले चढतो.

४ जून
आज सहापर्यंत खाली बाकावर बसून राहिलो. मग चढलो.

५ जून
कागद पाहिला. काल सहा वाजता.

९ जून
तिला भेटायला गेलो. जायला नको होतं. म्हणाली, आजोबा, हल्ली मला उगाच अपराधी वाटतं. कोणाचं काय बिघडवलंय तेच आठवत नाही. आई म्हणते, अशक्तपणा आहे. मी म्हणालो, असेल. खोलीबाहेर पडेपर्यंत रडलो नाही — रडलो असतो तर तीही —

१२ जून
बाईंना सांगायला तीनदा दारापर्यंत गेलो. तीनदा छाती धडधडली आणि तीनदा समोर तिच्या खोलीतलं यंत्र ओरडलं, नर्स धावल्या. मागे फिरलो की थांबतं. सांगायला गेलो तर ती मरेल. नाही सांगितलं तरी —

१४ जून
जिने नाही. चहा नाही. बायकोशी भांडण नाही. ती म्हणते, एवढे गोड कधीपासून झालात. सकाळी छातीवर कोणी बसल्यासारखं झालं. तिने ओढत डॉक्टरकडे नेलं. एक रक्तवाहिनी बुजत आली आहे. ऑपरेशन करायचं म्हणतात. त्यात माझं हृदय थोडा वेळ थांबवतील म्हणे. घाबरू नका, थोडाच वेळ.

तेवढा वेळ त्या पोरीचं कोण —

नको म्हणालो. बायको रडली.

१६ जून
आज पुन्हा माझ्या छातीवर कोणी बसलं. तिच्याही. तेव्हाच. तिचं वय एकोणीस.

१७ जून, सकाळ
प्रयोगशाळेच्या बाहेर बसलोय. बोलायचं नाही, लिहून द्यायचं. हळू. डाव्या हाताला मुंग्या येताहेत, उजवा ठीक आहे.

बाई, सात नंबरची डबी तिची नव्हती. तिची मी मारली. तिच्यात आहे ती नऊ, माझी. तो तुकडा काढा. माझ्याकडे धावू नका, आधी तिच्याकडे जा. तिला माझ्यापासून सोडवा, मग मला काय म्हणायचं ते म्हणा. तिला सांगा, तिने काही बिघडवलेलं नाही. ते माझं आहे, तिचं —

समोर तिच्या खोलीच्या दाराच्या काचेतून ती दिसतेय. आई वेणी घालतेय. मी शांत आहे. नाडी मोजतोय. एक ठोका. एक. आता नाही —

तिने आईचा हात धरला. बाई, लवक